आधी थांबवायला शिकवा

एका आईचे पत्र आले आहे. त्यांची मुलगी चार वर्षांची आहे. गिळताना अन्न श्वासनलिकेत जात असल्यामुळे दोन वर्षांपूर्वी तिची गॅस्ट्रोस्टॉमी, म्हणजे पोटावर छिद्र करून थेट जठरात नळी बसवण्याची शस्त्रक्रिया, झाली, आता पोटावर त्या नळीचे आखूड, झाकणाचे बटण आहे, आणि रात्री दहा ते सकाळी सहा पंपावर फीड, म्हणजे नळीतून द्यायचे द्रव अन्न, चालते. या दोन वर्षांत आई एकही रात्र तिच्यापासून दूर राहिलेली नाही. आता आईचीच शस्त्रक्रिया सात आठवड्यांवर आली असून दोन रात्री रुग्णालयात काढाव्या लागणार आहेत. पती दिवसाचे फीड सिरिंजने नीट देतात, पण रात्रीचा अलार्म त्यांना ऐकूच येत नाही. सासूबाई मदतीला तयार आहेत, परंतु नळीला हात लावायला धजावत नाहीत. धाकटी बहीण राहायला येणार आहे. तिच्यासाठी आईने अकरा पानांची वही लिहिली आणि ती वाचून बहीण म्हणाली, "ताई, आता तर मला जास्तच भीती वाटायला लागली." वहीत काय कमी पडले, आणि हे सगळे दुसऱ्यांवर सोपवणे हा आपला स्वार्थ तर नाही ना, असे दोन प्रश्न त्यांनी विचारले आहेत.

प्रिय भगिनी,

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण ते लहान आहे. हा स्वार्थ नाही. ज्या मुलीची रात्र फक्त एकाच व्यक्तीला सांभाळता येते, ती मुलगी त्या एका व्यक्तीच्या तापावर, अपघातावर किंवा शस्त्रक्रियेवर अवलंबून असते. शस्त्रक्रिया ठरली नसती तरी हे काम तुम्हाला कधीतरी करावेच लागले असते.

आता वही. तिच्यात काहीही कमी पडलेले नाही. तुम्ही पाठवलेली पाने मी वाचली; ती इतकी काळजीपूर्वक लिहिली आहेत की त्यांवरून परिचारिकांना शिकवता येईल. अडचण एवढीच आहे की पंप सुरू कसा करायचा, येथून ती सुरू होते आणि काही बिघडले तर काय करायचे, हे नवव्या पानावर येते. बहिणीच्या मनात मात्र ते नववे पानच पहिले आहे. तिला पंप चालवण्याची भीती वाटत नाही. काहीतरी चुकत असताना ते आपल्या लक्षात येणार नाही आणि फीड तसेच चालू राहील, याची भीती वाटते. म्हणून शिकवण्याचा क्रम उलटा करा. फीड चालू करण्याआधी ते थांबवायला शिकवा.

त्याआधी एक काम आहे, आणि ते याच आठवड्यात करा. मुलीच्या डॉक्टरांना विचारा की रात्रीचे फीड मध्येच थांबले तर ती किती तास फीडशिवाय सुरक्षित राहू शकते. बहुतेक मुलांच्या बाबतीत रात्रीचे काही तास बुडाले तर ते दुसऱ्या दिवशी भरून काढता येतात. पण काही मुलांना हे चालत नाही. ग्लायकोजेन साठवणुकीचे आजार किंवा स्निग्ध पदार्थांच्या चयापचयातील काही दोष असलेल्या मुलांची रक्तशर्करा फीड थांबल्यावर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते, आणि त्यांच्यासाठी बंद पडलेला पंप हीच आणीबाणी असते. तुमच्या पत्रातील वर्णनावरून तुमची मुलगी पहिल्या गटातील वाटते, तरी ते माझ्या अंदाजावर सोडू नका. डॉक्टरांकडून तासांचा आकडा लिहून घ्या. शिवाय तिला रात्री दहाला झटक्यांचे औषध नळीतूनच दिले जाते, असे तुम्ही लिहिले आहे. फीड चुकलेले चालेल, पण हे औषध चुकलेले चालेलच असे नाही. बटण निघाले आणि औषध देता आले नाही तर काय करायचे, किती वेळात रुग्णालय गाठायचे, हेही त्याच भेटीत विचारा. हा प्रश्न पुष्कळ पालकांच्या मनात प्रत्यक्ष ती वेळ येईपर्यंत येत नाही.

तासांचा आकडा हाती आला की तो बहिणीला आणि सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवा. 'इतके तास फीड बंद राहिले तरी तिला धोका नाही' हे वाक्य डॉक्टरांच्या अक्षरात पाहिले की माणसाच्या हाताची थरथर निम्म्याने कमी होते.

मग थांबवणे शिकवा. त्यात चारच गोष्टी आहेत: पंप थांबवायचा, एक्स्टेन्शनचा, म्हणजे बटणाला जोडलेल्या नळीचा, क्लॅम्प (चिमटा) बंद करायचा, मुलीला उठवून बसवायचे किंवा उलटी होत असेल तर कुशीवर वळवायचे, आणि मगच काय झाले असावे याचा विचार करायचा. उलटी, थांबत नसलेला खोकला, श्वासाचा बदललेला आवाज, ताणून घट्ट झालेले पोट, कळवळून रडणे, ओली चादर, यांपैकी काहीही दिसले तर थांबवायचे. आणि काहीच दिसत नाही पण मनाला खटकते आहे, तरीही थांबवायचे. ओठ किंवा चेहरा निळसर दिसला, किंवा थांबवल्यानंतरही श्वास घ्यायला त्रास होत राहिला, तर कोणाला विचारत न बसता लगेच रुग्णवाहिका बोलवायची. उगीच थांबवले म्हणून कोणी बोलणार नाही, हे तुम्ही स्वतः तोंडाने सांगितले पाहिजे, आणि सरावाच्या रात्री ते तसेच वागूनही दाखवले पाहिजे.

सासूबाईंना एवढेच शिकवा. त्यांना फीड तयार करता आले नाही, आकडे भरता आले नाहीत, तरी चालेल. ज्यांनी घरात मुले वाढवली आहेत त्यांची नजर आणि त्यांचा कान हेच रात्री सर्वांत उपयोगी पडते. त्यांना फक्त थांबवण्याचा अधिकार आणि पंपावर त्याचे बटण कोठे आहे हे हवे असते. त्या नळीला हात लावायला का घाबरतात, याचाही शोध घ्या. पोटाला भोक पाडून आत काहीतरी खोचलेले आहे आणि ते आपल्या हाताने निसटेल, असे बहुतेकांना वाटत असते. यावर मी नेहमी एक गोष्ट करून दाखवते. सरावासाठी एखादे जुने, काढून ठेवलेले बटण मिळाले तर ते एका पारदर्शक पेल्यात धरा आणि बाजूच्या झडपेतून सिरिंजने ५ मिली पाणी भरा. टोकाशी द्राक्षाएवढा फुगा डोळ्यांदेखत टरारून फुगतो. मग बटण त्यांच्या बोटांत द्या आणि अंगठा व तर्जनी जोडून केलेल्या कड्यातून हलकेच ओढायला सांगा. ते अडते. हा फुगा पोटाच्या आतल्या बाजूने असाच अडून बसलेला असतो, हे एकदा बोटांना कळले की कपडे बदलताना होणारी भीती जाते, आणि ओढले तर तिला का दुखते हेही समजते. त्वचेतून पोटात नळी बसवण्याची आजची दुर्बिणीची पद्धत १९७९ साली सर्वप्रथम वापरली गेली तीच मुळी एका साडेचार महिन्यांच्या बाळावर, हेही त्यांना सांगा. लहान मुलासाठी हे काहीतरी भलतेच धाडस आहे, ही समजूत त्यामुळे दूर व्हायला मदत होते.

बहीण आणि पती यांना मात्र सगळेच शिकायचे आहे, आणि येथे तुमची खरी परीक्षा आहे, कारण शिकवताना तुम्हाला हात मागे बांधून उभे राहावे लागेल. बालरुग्ण विभागात परिचारिका म्हणून काम करताना मी एका वडिलांना मुलाला घरी नेण्यापूर्वी पंप शिकवला होता. त्यांनी सगळे बरोबर सांगितले आणि करूनही दाखवले. पहिल्याच रात्री दोन वाजता त्यांचा वॉर्डात फोन आला: अलार्म थांबत नाही, तीन वेळा बंद करून पुन्हा सुरू केला, मूल रडते आहे. क्लॅम्प उघडा आहे का, असे मी विचारले. काही क्षण पलीकडे शांतता होती, आणि मग आलेला त्यांचा सुस्कारा मला अजून आठवतो. नंतर विचार करताना माझ्या ध्यानात आले की शिकवण्याच्या प्रत्येक वेळी बोलता बोलता तो क्लॅम्प मीच उघडत होते. माझा हात आपोआप तेथे जात होता. त्यांच्या हाताला ती सवय कधी लागलीच नव्हती. चूक त्यांची नव्हती, माझ्या शिकवण्याची होती. त्यानंतर मी कोणालाही शिकवताना दोन्ही हात पाठीमागे धरून उभी राहू लागले.

तुमचे हातही असेच पुढे जाणार. दोन वर्षांत अंगवळणी पडलेल्या कितीतरी बारीक गोष्टी तुम्ही करता आणि त्या केल्या हे तुम्हाला कळतही नाही. म्हणूनच त्या वहीत आलेल्या नाहीत. बहीण करील आणि तुम्ही बघाल, तेव्हा ज्या ठिकाणी तुमचा हात पुढे सरसावेल, नेमके तेच वहीत राहून गेले आहे असे समजा आणि तेथेच टिपून ठेवा.

सुरुवातीच्या दोन-तीन रात्री ती फक्त बघेल, पुढच्या काही रात्री तुमच्यासमोर करील आणि करताना प्रत्येक कृती मोठ्याने बोलेल. पंपावर भरायचे दोन आकडे, ताशी किती मिली आणि एकूण किती मिली, हे एकमेकांच्या जागी पडण्याची चूक झोपेत सहज होते, म्हणून सुरू करण्याआधी दोन्ही आकडे कागदावर बोट ठेवून वाचण्याची शिस्त घाला. औषधे एकेक करून द्यायची, प्रत्येकाच्या आधी आणि नंतर ठरलेले पाणी सोडायचे, कोणतेही औषध फीडच्या बॅगेत मिसळायचे नाही; आणि औषधानंतर उलटी झाली तर विचारल्याशिवाय तेच औषध पुन्हा द्यायचे नाही. फीड काही कारणाने बराच वेळ थांबवून ठेवावे लागले तर नळीत पाणी सोडून ठेवायचे, नाहीतर आतले फीड घट्ट होऊन नळी तुंबते. तुंबलीच तर मोठ्या, ५० किंवा ६० मिलीच्या सिरिंजने कोमट पाणी हलकेच पुढे-मागे करायचे आणि धीर धरायचा. लहान सिरिंजने जोर लावला की दाब फार वाढतो आणि नळी फाटू शकते. तार, सुई, शीतपेय यांतले काहीही नळीत जाता कामा नये.

हे सारे जमू लागले की मुद्दाम बिघाड करा. फीड सुरू होण्यापूर्वी, मुलीला नळी जोडलेली नसताना, क्लॅम्प बंद ठेवा. जोड अर्धवट बसवा. बॅग रिकामी ठेवा. पंपाची बॅटरी उतरलेली ठेवा. अलार्म वाजला तर वाजू द्या आणि गप्प बसा. तिला शोधू द्या. पंपापासून मुलीपर्यंत नळीवरून बोटे फिरवत जायचे, म्हणजे वळलेली नळी, बंद क्लॅम्प किंवा सुटलेला जोड सापडतोच, ही एकच पद्धत तिच्या हाताला लावून द्या. तिला शोधायला चार मिनिटे लागतील आणि ती चार मिनिटे तुम्हाला युगासारखी वाटतील. तरीही सांगू नका. जे तिने स्वतः शोधले ते पहाटे तीन वाजता झोपेतही तिला आठवेल.

सगळे अलार्म देऊनही एक बिघाड पंपाला कळत नाही, तो म्हणजे सुटलेला जोड. नळी मुलीपासून सुटून गादीत फीड ओतत असली तरी पंपाच्या दृष्टीने सारे सुरळीत असते. म्हणून रात्रीच्या फेरीत नुसते बघून भागत नाही, हात लावावा लागतो: जोडाला बोट, बटणाभोवती कोरडे आहे ना, चादर कोरडी आहे ना. दिवा लावण्याची गरज नाही. ओलसरपणा आणि आंबूस वास अंधारातही कळतो.

नळीच्या मार्गाबद्दल मी आग्रहाने लिहिते आहे. फीडची नळी मुलाच्या मानेभोवती गुंडाळली जाऊ शकते, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२२ मध्ये दिला, आणि त्यामागे दोन वर्षांखालील दोन बालकांचे मृत्यू होते. तुमची मुलगी झोपेत गिरक्या घेते असे तुम्ही लिहिले आहे. तेव्हा नळी बटणापासून पायजम्याच्या आतून खाली नेऊन पायाच्या टोकाशी बाहेर काढा, पंप पलंगाच्या पायथ्याशी ठेवा, आणि उरलेल्या नळीची गुंडाळी पलंगावर पडू देऊ नका. कदाचित तुम्ही हे करतही असाल. वहीत मात्र ते नाही. डोक्याकडची बाजू साधारण ३० ते ४५ अंश उंच हवी, आणि तो उंचवटा गादीखालून द्यावा. उशांचा ढीग रचला की लहान मूल घसरून मध्ये दुमडते आणि पोट दाबले जाते.

रात्रीची वाटणीही बदलायला हवी. तुमच्या पतींना अलार्म ऐकू येत नाही हा काही त्यांचा दोष नाही, पण म्हणून त्यांच्यावर झोपेतून उठण्याची भिस्त ठेवू नये. त्यांना जागे राहण्याची पाळी द्या. तुम्ही फीड पावडरपासून तयार करता. असे फीड खोलीच्या तापमानाला ४ तासांपेक्षा जास्त काळ बॅगेत राहू देऊ नये, आणि उरलेल्यात नवे मिसळू नये. म्हणजे रात्री दोन वाजता कोणीतरी जागे असणे भागच आहे. पतींनी दहाचे औषध देऊन फीड सुरू करावे, दोनपर्यंत जागे राहावे, दोनला नवे फीड लावून बहिणीला उठवावे, नळीवरून दोघांनी मिळून एकदा बोटे फिरवावीत, आणि मगच झोपावे. बहीण जागणार असली तरी सासूबाईंनी त्याच खोलीत झोपावे, असे मी सुचवीन.

बटण निघून येणे ही सर्वांत धास्तीची गोष्ट आहे, त्यामुळे ती अस्पष्ट ठेवू नका. बटण निघाल्यावर पोटावरील छिद्र काही तासांतच आकसू लागते, म्हणून सकाळ होण्याची वाट पाहायची नसते. तुमच्या मुलीचा त्वचेपासून जठरापर्यंतचा मार्ग दोन वर्षांचा, म्हणजे पक्का झालेला आहे. अशा वेळी प्रशिक्षण घेतलेली व्यक्ती घरीच नवे बटण बसवू शकते. ज्यांच्या मुलांची शस्त्रक्रिया गेल्या काही आठवड्यांतली आहे त्यांनी घरी काहीही आत घालू नये, कारण कच्च्या मार्गातून नळी पोटाऐवजी भलतीकडे जाऊ शकते. त्यांनी थेट रुग्णालयात जावे. बहिणीला आणि पतींना हे बसवणे तुम्ही शिकवू नका. क्लिनिकमधील परिचारिकेकडून शिकवून घ्या, आणि त्यांनी 'हिला जमते' असे म्हटल्याशिवाय ते काम त्यांच्याकडे देऊ नका. बसवल्यावर फीड देण्यापूर्वी पोटातील द्रव सिरिंजमध्ये येतो का हे पाहणे, आम्लता पट्टीने तपासायला सांगितले असेल तर पट्टीवरचा पीएचचा आकडा ५.५ किंवा त्याखाली असणे, जोर लावावा न लागणे, आणि फीड सुरू करताच दुखले तर थांबवून रुग्णालयात जाणे, हे सारे त्या शिकवणीचा भाग आहे. तोपर्यंत ज्यांना जमत नाही त्यांनी स्वच्छ गॉजने छिद्र झाकायचे, तयार ठेवलेली पिशवी उचलायची आणि निघायचे. त्या पिशवीत नवे बटण आणि एक माप लहान नळी हवीच. रात्रीच्या वेळी मुलीच्या मापाची नळी रुग्णालयात मिळेलच असे नाही.

ज्या वाचकांच्या मुलांना नाकातून नळी आहे त्यांनी येथील सर्व काही तसेच्या तसे घेऊ नये. त्यांच्या बाबतीत प्रत्येक फीडच्या आधी नळीची जागा तपासणे आणि नाकपुडीपाशी असलेली खूण सरकली नाही हे पाहणे, हाच मुख्य धडा असतो. हवा सोडून पोटावर कान देण्याची जुनी पद्धत भरवशाची नाही.

तुमच्या अकरा पानांचे काय करायचे? ती ठेवा, पण पलंगाशेजारच्या भिंतीवर एकच पान लावा. वर चार कृती, त्याखाली आकडे, औषधे, डॉक्टरांनी दिलेला तासांचा आकडा, आणि फोन नंबर. योग्य रीतीने जोडलेल्या नळीचे एक छायाचित्रही चिकटवा. 'तब्येत बरी दिसली नाही तर' असे वाक्य त्यात नको. ते वाचून कोणालाच काही करता येत नाही. तुम्ही पत्रात सहज लिहून गेला आहात की उबळ येण्यापूर्वी ती एकदम गप्प होते आणि तिचे कान लाल होतात. हे कोणत्याही पुस्तकात नाही, कोणत्याही परिचारिकेला ठाऊक नाही. 'कान लाल झाले आणि गप्प झाली, तर थांबवा' हे भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहा. अशा आणखी दोन-तीन खुणा तुम्हाला आठवतील. तुमच्याकडून बाकी सगळे इतरांना शिकता येईल किंवा अन्यत्र सापडेल, पण या खुणा फक्त तुमच्याजवळ आहेत.

फोन नंबरांच्या यादीत तुमचा नंबर पहिला लिहिलेला आहे. तो खोडा. शस्त्रक्रियेच्या दिवशी तुम्ही भूल दिलेल्या अवस्थेत असाल आणि त्या रात्री औषधांच्या गुंगीत. ज्या योजनेत 'ताईला विचारू' हे पहिले पाऊल आहे, ती त्या रात्री कोलमडेल. तुमच्या जागी क्लिनिकचा रात्रीचा नंबर, आणि हे काम जाणणारा दुसरा एखादा पालक ओळखीचा असेल तर त्यांचा, असे दोन नंबर लिहा, आणि त्या दोन्ही ठिकाणी आधीच कळवून ठेवा.

म्हणूनच सरावाची शेवटची पायरी तुमच्याविना झाली पाहिजे. पाचव्या आठवड्यात एक रात्र शेजारच्या खोलीत झोपा, दार बंद करून. सहाव्या आठवड्यात एक रात्र दुसऱ्या घरी, दहा-पंधरा मिनिटांच्या अंतरावर, आणि फोन कोणा विश्वासू माणसाच्या हातात देऊन, जो खरोखर गरज पडली तरच तुम्हाला उठवील. तुम्हाला झोप लागणार नाही, हे मला ठाऊक आहे. तरी जा. सकाळी परत याल तेव्हा चादर तुमच्यासारखी घातलेली नसेल, सिरिंजा दुसऱ्याच बाजूला वाळत ठेवलेल्या असतील. त्याबद्दल काही बोलू नका. किती फीड गेले हे कागदावर लिहिलेले असेल, ते वाचा. आणि चहूकडे निजानीज झाल्यावर कोठे अडखळायला झाले, एवढेच तिघांना एकेकट्याने विचारा. जे सांगतील ते भिंतीवरच्या पानावर त्यांच्याच शब्दांत लिहा, आणि शस्त्रक्रियेच्या आत तशीच आणखी एक रात्र बाहेर काढा.